तोंडातला हिरडा

आमच्या टोल्यात, म्हणजे वाडीत, एखादं पोर जरा जास्त बोलायला लागलं की बाया हसून म्हणत, “हे सुकवारावर गेलं, बाप्पा!” सुकवारा म्हणजे मीच. शुक्रवारची जन्मले म्हणून सुकवारा. माझ्या तोंडात तीळ भिजत नसे, हे मी आज या वयातही नाकारत नाही. कोंबडीनं अंडं कुठे घातलं, बाबांनी मोहाचा घडा कुठे पुरला, कोणाच्या घरी कोण रुसून बसलंय, सगळं मी पाण्याला जाताना सांगून मोकळी होई आणि पाणी घेऊन येताना त्यात थोडी भर घाली. आई कपाळावर हात मारून म्हणायची, “हिच्यासाठी नवरा बहिराच पाहावा लागन.” पुढे नवरा मिळाला तो चांगला ऐकू येणारा. त्यानं जन्मभर सोसलं, आणि तो गेल्यावर घर किती गप्प झालं ते मलाच कळलं. पण ती गोष्ट निराळी.

चोरखमाऱ्याच्या तलावाच्या वरच्या अंगाला, डोंगर सुरू होतो तिथे आमची पाचसहा घरं होती. तलावाखाली पवारांची धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं. कापणीला, रोवणीला आम्ही तिकडे जायचो. त्यांच्याशी बोलायची ती झाडीबोली, तेंदूपानाच्या फडावरच्या मुन्शीशी हिंदी, आणि घरात गोंडी. तीन भाषा म्हणजे काही शहाणपण नव्हतं, तीन दारांच्या घरात राहण्यासारखंच ते होतं. दिवस ढेकीच्या आवाजानं सुरू व्हायचा. आई पायानं ढेकी दाबायची, आत्या हातानं उखळातलं धान सारायची. आत्याच्या डोळ्यांवर सारा, म्हणजे पडदा, आलेला, तरी मुसळ खाली यायच्या आत तिचा हात बरोबर बाहेर असायचा. मला बघूनच धडकी भरायची. चुलीवर पेज रटरटत असे. भादव्यात पेजेसोबत वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि वाळल्या झिंग्यांची चटणी. त्या चटणीचा वास अजून नाकात आहे. माझ्या सुनेला तो सोसत नाही, म्हणून मी ती शेजारणीकडे जाऊन खाते. चुलीच्या वर, धुरात, एक काळा पडलेला भोपळ्याचा तुंबा टांगलेला असायचा. त्यात खोकल्यासाठी हिरड्याच्या वाळलेल्या फोडी. तो तुंबा लक्षात ठेवा.

फगनीआत्या बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून ती माहेरी आली आणि घराची मालकीण झाली. बाबा मोठ्या आवाजाचे, पण आत्या नुसती खोकली तरी बसल्या जागी उठून उभे राहायचे. आत्या औषध देई. अडलेल्या बाळंतिणीपासून ते बैलाच्या खुरापर्यंत. खालच्या गावातले पाटीलसुद्धा बंडी जुंपून तिला न्यायला येत. पण तिच्या औषधाचा एक कायदा होता: तो गुण, म्हणजे ती विद्या, द्यायचा तर एकालाच द्यायचा, आणि हातानं धरून, डोंगरात नेऊन द्यायचा. दहा जणांना सांगितलेला गुण पातळ होतो. डोळे गेल्यापासून आत्याला डोंगर एकटीनं चढता येईना. घरात दुसरी पोरगी नव्हती. उरले मी. आणि मी म्हणजे अशी!

अडचण अशी होती की कंद काढायला जाणं म्हणजे पाहुण्याला आणायला जाणं. आदल्या संध्याकाळी वेलीजवळ जायचं, पाणी शिंपडायचं, हळदीचे तांदूळ ठेवायचे आणि लग्नाचं बोलावणं करावं तसं म्हणायचं, “उद्या सकारी आमच्या घरी चाल. दुखणाऱ्याले तुयी गरज आहे.” याला आमच्याकडे निवता देणं म्हणतात. दुसऱ्या दिवशी फटफटायला निघायचं. घराचा उंबरा ओलांडला की बोलायचं नाही. कंद काढायचा, खड्डा बुजवायचा, एक तुकडा मातीतच ठेवायचा, घरी यायचं, कंद धुऊन पेनाच्या, म्हणजे आमच्या देवाच्या, जागेपुढे ठेवायचा आणि मगच तोंड उघडायचं. मधे कोणी एक शब्द बोललं की तसंच हात हलवत परत, कारण पाहुणा रुसतो.

आत्याला माझ्यामुळे असं हात हलवत किती वेळा यावं लागलं ते विचारू नका. एकदा पायापाशी ससा उडाला आणि मी “अगोबाई!” म्हणून ओरडले. एकदा लाकडं तोडणाऱ्यानं सवयीनं विचारलं, “कोठी चालली वो?” आणि मी त्याला सविस्तर सांगितलं. आत्या रागावली नाही. ती नुसती वळायची आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून डोंगर उतरायची. त्या हाताचं ओझं मला रागापेक्षा जड व्हायचं. एक दिवस अंगणात कोंडा पाखडताना ती आईला म्हणाली, “राहू दे. बोलक्या हातात गुण टिकत नाही. मायासंगं आला, मायासंगं जाईन.” ती हे गोंडीत म्हणाली, इथे मी तिचं बोलणं गावच्या बोलीत मांडते आहे, नाही तर वाचणाऱ्याचं अडेल. मी कुडाच्या आड उभी होते. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत बोलले नाही, आणि आईला वाटलं मला ताप आला.

अशातच कागदवाली बाई आली. नागपूरच्या कॉलेजात झाडापाल्याचं शिकवणारी, डोळ्याला चष्मा, पायात पुरुषी बूट. बाबांनी तिला तिरोड्याच्या स्टेशनावरून बंडीत बसवून आणलं. उतरायची होती जंगलखात्याच्या बंगल्यात, पण त्याचं छप्पर पावसानं बसलेलं, म्हणून तिची पथारी आमच्या ओसरीवर पडली. तिच्याजवळ दोन लाकडी फळ्या आणि मध्ये टीपकागदांची चळत. डहाळी आणायची, कागदात ठेवायची, वर फळी दाबून पट्टे आवळायचे. टोल्यातल्या पोरांना वाटलं बाई पानांचे पापड करते. मी अर्थातच तिच्या भोवतीच होते. आंब्याला आम्ही मरका म्हणतो, मोहाला इरुक, चारोळीच्या झाडाला रेका, हे मी पहिल्याच सकाळी तिला ऐकवलं आणि तिनं चक्क लिहून घेतलं. माझं बोलणं कोणी लिहून घेतंय, हे मी पहिल्यांदाच पाहत होते! शाळेतले मास्तर तर मी गोंडीत बोलले की खडू फेकून मारत.

“आमच्या यादीत तुमच्या भाषेला रकानाच नाही ग,” बाईनं मला सांगितलं. “झाडाचं शास्त्रातलं नाव आहे, कुठे कुठे मराठी आहे. बाकीच्या पुढे नुसतं ‘किरकोळ’. म्हणून मी पट्टी घेऊन हा रकाना आखला. आता भरायचा कोणी? तुला येतात ती मोठी मोठी झाडं. लहान वेली, गवतं, कंद तुझ्या आत्याला माहीत.”

आत्या ओसरीच्या कोपऱ्यात बसून ऐकत होती. बाई तिच्यापुढे जाऊन बसली. “आत्याबाई, मला नावं सांगाल? नाही लिहिली तर उद्या कोणी म्हणेल, इथे काही नव्हतंच.”

“आन् लिहून नेल्यावर?” आत्या म्हणाली. “तुमच्या कागदात पान सुकते तसा गुणही सुकून जाईन, तं?”

 बाई म्हणाली, “चांद्याकडच्या डोंगरात गेले होते मी मागच्या साली. तिथले लोकही मोहाला इरुकच म्हणतात. शेवटाला जरा वेगळं वळण देतात, पण तेच.”

आत्याची मान एकदम वर झाली. “चांद्याकडे? तेवढ्या दूर?” ती कधी तलावापलीकडे फारशी गेलेली नव्हती. आपली भाषा डोंगराडोंगरांतून इतकी लांब गेली आहे, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिनं बाईला आणखी शब्द विचारले, पाण्याला काय म्हणतात, वाघाला काय म्हणतात, आणि प्रत्येक ओळखीच्या शब्दाला मांडीवर थाप मारून हसली. मग उठली आणि म्हणाली, “उद्याच्याले निवता द्याचा आहे. परवा सकारी चाल आमच्यासंगं. पाह्यजो.” बाबा म्हणाले, परवा दुपारच्या पॅसेंजरनं बाई जाणार आहेत. आत्या म्हणाली, “मंग सकार आहे ना.”

निवता द्यायला बाई आली होती. वेलीपुढे तिनंही चिमूटभर तांदूळ ठेवले, आत्यानं सांगितलं नव्हतं तरी. त्या वेलीचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. आजकाल नाव कळायचा अवकाश, लोक पोती घेऊन येतात आणि डोंगर उकरून नेतात. परतताना आत्या मला म्हणाली, “सुकवारा, हे शेवटचं. मायाच्यानं आता चढनं होत नाही.” एवढंच. रात्री मी भाकरीसुद्धा नीट खाल्ली नाही.

पहाटे निघायच्या आधी मला अक्कल सुचली. मी पाटावर चढून तुंब्यातली हिरड्याची एक मोठी फोड काढली आणि गालात धरली. हिरडा ज्यानं खाल्ला आहे त्याला माहीत, जीभ कशी आखडून टाळ्याला चिकटते ती. बोलायचं म्हटलं तरी थुंकीच गिळावी लागते. पुढे मी, माझ्या खांद्यावर आत्याचा हात, मागे बाई. वाटेत दोन बाया भेटल्या, त्यांनी आत्याच्या हातातली हळद लावलेली खणायची काठी पाहिली आणि तोंड फिरवून बाजूला उभ्या राहिल्या. आमच्याकडे पोरासोरांनाही ते कळतं. आणि तिथेच आम्ही सगळे चुकलो. जे सगळ्यांना ठाऊक असतं ते कोणी सांगत नाही. बाईला कोणी सांगितलंच नव्हतं.

“आत्याबाई, हे काय?” बाईनं वाटेच्या कडेचं एक पिवळ्या फुलाचं झुडूप दाखवलं. आत्या चालत राहिली. “सुकवारा, तू सांग, याला काय म्हणतात?” मला येत होतं! त्याचं नाव, त्याला फूल आलं की धान पोटरीला येतं ते, बकरी ते खात नाही ते, सगळं. हिरडा मी दाढेखाली दाबला. बाईनं डहाळी तोडली, चिठ्ठी बांधली. पुढे अस्वलाच्या वाटेवर तेंदूची रोपं, मग एक वेल, मग ओढ्याच्या काठचं गवत. प्रत्येक ठिकाणी बाई विचारायची, थांबायची, आमच्या तोंडाकडे बघायची. सुरुवातीला तिचा आवाज हसरा होता. ओढा ओलांडेपर्यंत तो उतरला. मला वाचता येत होतं. चिठ्ठीवर ती लिहीत होती: स्थानिक नाव, नाही. पुढच्या चिठ्ठीवरही तेच. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काही हिरड्यानं, काही त्या ‘नाही’नं.

कंद आत्यानं हातानंच शोधला. माती चाचपली, वास घेतला आणि मला खूण केली. मी खणला. एक तुकडा ठेवला, खड्डा बुजवला. पहिल्यांदा माझ्या हातानं. आत्यानं माझ्या हाताच्या मातीवरून बोट फिरवलं, आणि आम्ही उतरलो.

घरी येऊन बघते तर बाबांनी बंडी जुंपलेली. आत्या कंद घेऊन पाण्याच्या घड्याकडे गेली. डोळ्यांना दिसत नाही, आणि कंदाच्या प्रत्येक खाचेतली माती निघाली पाहिजे. तिला काही घाई नव्हती. इकडे बाई ओसरीवर सामान आवरायला लागली. आईला म्हणाली, “त्यांना सांगायचं नव्हतं तर तसं म्हणायचं होतं. मला राग नाही. पण पोरीलाही गप्प बसवलं त्यांनी, याचं वाईट वाटतं.” आई हसावं की रडावं अशी. तीही बोलेना, कारण धुणं चाललेल्या कंदापुढे घरातलं कोणीच बोलत नाही. बाबा बैलाच्या शिंगाकडे बघत उभे. बाईनं बूट चढवले, पिशवी बंडीत ठेवली आणि कागदांच्या फळ्या उचलायला वळली. एक हाक मारली असती, “थांबा!” एवढी, तर ती थांबली असती, आणि आत्याचा हात पुन्हा माझ्या खांद्यावर आला असता, शेवटचा. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि धावत जाऊन त्या फळ्यांवर बसले. चांगली मांडी घालून बसले. बाई म्हणाली, “अग, ऊठ.” मी मान हलवली. “सुकवारा, गाडी चुकेल माझी!” मी दोन्ही हातांनी फळीच्या कडा धरल्या. बाईनं मला बगलेत धरून उचलायला पाहिलं, तर मी फळ्यांसकट उचलली जायला लागले.

तेवढ्यात आतून आत्या बाहेर आली. हात पदराला पुसले. “ठेवला,” ती म्हणाली. “आता बोल.”

मी हिरडा अंगणात थुंकले आणि सुरू झाले. आखडलेल्या जिभेनं पहिले शब्द असे बोबडे निघाले की बाबाही हसले. वाटेच्या कडेच्या पिवळ्या फुलापासून सुरुवात केली, गोंडी नाव, मराठी असलं तर मराठी. तेंदूला आम्ही तुमरी म्हणतो. अस्वल तिची फळं खातं आणि त्याच्या विष्ठेतून बी रुजतं, म्हणून ती रोपं नेहमी त्याच्या वाटेवर. चारोळी पूजा झाल्याशिवाय आम्ही तोडत नाही, म्हणून पिकून गळलेलं बी खारींनाही मिळतं आणि मातीलाही. ओढ्याकाठचं गवत उपटायचं नाही, ते काठ धरून ठेवतं. मी जिथे अडले तिथे आत्या ओट्यावर बसून पुढचं सांगत होती, आणि मी ते बाईच्या मराठीत करून देत होते. आंधळ्या आत्यानं आमची अख्खी वाट पायांनी मोजून ठेवली होती. बाई कुठे कुठे थांबली ते तिला क्रमानं पाठ होतं. बाई आधी उभीच राहिली. मग तिला कोणी तरी, बहुधा आईनंच, हसत हसत कारण सांगितलं. बाईनं डोक्याला हात लावला. “आणि मी त्या वाटेनं बडबडत आले! पाहुणा रुसला असेल ना?”

“तुमी परक्या. तुमच्यावर कायले रुसन तो?” आत्या म्हणाली. “रुसते तो घरच्यावर.”

बाई बूट काढून खाली बसली. एकेका चिठ्ठीवरचं ‘नाही’ खोडून वर नाव लिहू लागली. गाडी गेली. बाबांनी बैल सोडले, आणि तिनं आमच्यासोबत वास्त्यांची भाजी खाल्ली. त्या कंदाच्या वेलीचं पान आणि फूल आत्यानं स्वतःच्या हातानं तिच्या कागदात ठेवलं, नावही सांगितलं. उपयोग विचारल्यावर मात्र आत्यानं जमिनीवर हात ठेवला. “मातीवरचं सारं सगळ्यांचं. नाव घेजो, फूल घेजो, कोन खाते कवा खाते लिहून घेजो. मातीखालचं माया पोरीचं.” बाईनं रकान्यात लिहिलं: सांगणारीने राखून ठेवला. मला वाचून दाखव म्हणाली. मी मोठ्यानं वाचलं, आत्याला गोंडीत सांगितलं, आणि आत्यानं ते कागद चाचपून पाहिले.

दोनेक वर्षांमागे माझ्या मुलानं मला नागपुरात त्या कॉलेजात नेलं. एका मुलीनं कपाटातून कागद काढून दिला. पान तपकिरी झालंय, फूल गळून त्याची नुसती खूण. पण चिठ्ठी तशीच: ‘नाही’वर आडवी रेघ, वर आमचं नाव, खाली ‘सांगणारी : फगनीबाई व सुकवारा’. ती मुलगी म्हणाली, आजी, उपयोगाचा रकाना आता भरायचा का? मी म्हटलं, तो भरलेलाच आहे, बाळा. आत्याला जाऊन किती काळ लोटला. गुण पातळ झालेला नाही. मी तो अजून वापरते.

त्या संध्याकाळी, बाईचं लिहिणं चाललेलं असताना, आत्यानं मला जवळ बोलावलं. माझं तोंड हुंगलं.

“हिरडा होता ना गालात?”

मला वाटलं, आता सगळं संपलं; ही लबाडी झाली. मी हो म्हटलं.

“मायाबी होता,” आत्या म्हणाली. “तुयाएवढी होती तवा. मायी मावशी म्हने, हे पोरगी मेल्यावरच गप बसन.” आणि ती इतकी हसली की तिला खोकला लागला, आणि तुंब्यातली एक फोड काढून मला तिला द्यावी लागली.

माझी नात अनिता नऊ वर्षांची आहे. तिची बडबड ऐकून शेजारी खिडक्या लावून घेतात. उद्या संध्याकाळी मी तिला निवता द्यायला घेऊन जाणार आहे, परवा पहाटे डोंगरात. तुंबा आता नाही. चुलीजवळ बिस्किटाचा एक डबा आहे, तिच्या हाताला पोचेल एवढ्या उंचीवर. त्यात काय आहे ते मी तिला सांगितलेलं नाही.